उंबरसोंडची फेक

उंबरसोंडच्या सिदोबाच्या देवळासमोर गोल, गुळगुळीत दगडांचा एक ओटा आहे. चैत्रातल्या यात्रेत, पालखीच्या दिवशी सकाळी, या ओट्यावर तमाशाच्या फडाची हजेरी होते. हजेरी म्हणजे देवापुढे दिवसाउजेडी केलेला बिनतिकिटाचा खेळ. ढोलकीवर थाप पडण्याआधी समोर बसलेले सारे गाव दोन्ही हात वर करते आणि रिकामे तळवे कलावंतांना दाखवते. म्हातारे काठी मांडीवर आडवी ठेवून हात वर करतात, बाया कडेवरच्या पोराचेही हात धरून उंचावतात. नवखा पाहुणा चक्रावतो. कुणाला वाटते, इथे हात बघून भविष्य सांगतात. कुणाला वाटते, पोलिसांची धाड पडली. मग देवळाचे गुरव वामनकाका पाहुण्याला ओट्याच्या कडेला बसवून घेतात आणि हकिकत सांगतात. गावाचा पूर्वीचा दोष ते अजिबात झाकत नाहीत. उलट तोच आधी चढ्या आवाजात सांगतात, कारण पुढचा मोठेपणा त्यातूनच आला असे त्यांचे म्हणणे.

या भागात रेल्वे यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा उंबरसोंड ज्वारीसाठी आणि गोफणीसाठी ओळखले जाई. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभे राहून पाखरे हाकायची, तर गोफण हवीच. पण या गावाने तिचा नुसता छंद लावून घेतला होता. इतर गावचे गडी कमरेला पानाची चंची बाळगत, उंबरसोंडचे गडी गोफणीत घालायचे गोल दगड, म्हणजे गुंडे, बाळगत. लग्नासाठी मुलगा बघायला आलेल्या सोयऱ्यांना आधी पोराचा नेम दाखवीत, मग जमीन.

हा छंद यात्रेतही सुटत नसे. गाणे आवडले तर फडावर खोबऱ्याची वाटी भिरकावायची, उसाचे कांडके भिरकावायचे. नाही आवडले तर गुंडा होताच. खूश झाले तरी फेकणार, बिनसले तरी फेकणार. समोरच्याने काय समजायचे? एका फडाची ढोलकी फुटली, गौळणीत मावशीचे सोंग करणाऱ्या एकाचे पुढचे दोन दात गेले. त्या बिचाऱ्या मावशीला तर म्हणे शाबासकीचे खोबरे लागले होते. शेवटी फडांनी उंबरसोंडचे नाव टाकले. आणि हजेरीचा गण, म्हणजे सुरुवातीचे देवाचे गाणे, झाल्याशिवाय सिदोबाची पालखी उठत नाही, ही तर रीतच. एका चैत्रात पालखी सजून देवळाच्या दारात उभी राहिली आणि दिवस मावळला तशी पुन्हा आत गेली. त्या दिवशी गावातल्या बायकांनी चुली पेटवल्या नाहीत.

गावात कोंडाजी नावाचा शेतकरी होता. गोफण त्याच्यासारखी कुणाची चालत नसे. देव घराबाहेर पडला नाही, हे त्याच्या फार जिव्हारी लागले. पुढच्या यात्रेआधी तो दूरच्या एका जत्रेत गेला आणि तिथे फडाचा म्होरक्या केरबा सरदार याला गाठले. फड लहान होता, पण त्यातल्या ठकूच्या गळ्याची कीर्ती होती. उंबरसोंडचे नाव ऐकताच केरबाने हात जोडले. तेव्हा कोंडाजीने पदराची पुडी सोडली आणि सिदोबाचा गुलाल उचलला.

“तुमच्या अंगावर येक खडा जरी आला,” तो म्हणाला, “तर ह्यो कोंडाजी उंबरसोंडचं पानी पिनार न्हाय.”

गुलाल उचलणे म्हणजे देवाची शपथ, ती कोण नाकारणार? केरबा यायला तयार झाला. कोंडाजीने गावातही घरोघर फिरून प्रत्येक गड्याकडून शब्द घेतला. तरी गावाला तो पुरता ओळखून होता. म्हणून हजेरीच्या सकाळी तो सर्वांच्या मागे एका दगडावर उभा राहिला आणि स्वतःची गोफण भरून हातात धरली. कुणी हात उचलला तर आधी त्याचाच हात मोडायचा, असा त्याचा विचार. राखणदाराने आपला हातही राखायचा असतो, हे त्याच्या ध्यानातच आले नाही.

ठकू उभी राहिली. समोर ते गाव, ज्याने ढोलक्या फोडल्या, दात पाडले. तिने गण धरला, पण आवाज घशातच घुटमळला. पुढच्या रांगेलासुद्धा नीट ऐकू जाईना. मागे चुळबूळ सुरू झाली. ठकूच्या पाठीशी सुरात सूर मिसळत, झील धरून उभा असलेला केरबा कासावीस झाला. तमाशात आवाज मोकळा सोडण्याला फेक म्हणतात. उस्तादाने शिष्याला शिकवताना हजारदा म्हटलेला तो शब्द. केरबाने तो नेहमीच्या सवयीने म्हटला.

“फेक, ठकू, फेक!”

कोंडाजीच्या डोक्यात काही आलेच नाही, असे सांगतात. लहानपणापासून बापाने, चुलत्याने, माळ्यावरच्या सोबत्यांनी हा शब्द उच्चारला की त्याचा हात फिरायचा. तसाच तो फिरला. गोफणीचा फटका वाजला, आणि ठकूच्या भुवईच्या वर रक्ताची धार लागली.

ढोलकी थांबली. केरबाने साथीदारांना सामान आवरायला सांगितले. पालखीचे भोई खांदे देऊन ताटकळत होते, ते खाली बसले. माणसे एकमेकांच्या हातांकडे संशयाने बघू लागली. कोंडाजीला पळता आले असते, कुणी त्याला फेकताना पाहिले नव्हते. पण तो दगडावरून उतरला आणि गर्दीतून वाट काढत पुढे आला. रिकामी गोफण त्याने ठकूच्या पायाशी ठेवली.

“गुंडा माझा हाय, बाई,” तो म्हणाला. “फेक म्हनल्यालं ऐकलं. आमच्या गावात त्या सबुदाला दुसरा अर्थच न्हाय.”

केरबाने कपाळावर हात मारून घेतला. ठकूने लुगड्याचा पदर जखमेवर दाबला होता. तिने त्या माणसाकडे पाहिले. तिला त्याचा राग आला होता, आणि त्या रागातच तिची भीती कुठे गेली ते तिचे तिलाही कळले नाही. तिने विचारले, तुझा गुंडा लांबात लांब कुठवर जातो? कोंडाजीने समोरच्या डोंगराकडे बोट दाखवले. त्या डोंगराची सोंड गावाच्या दिशेने उतरत येते, तिच्या पायथ्याशी उंबराचे झाड होते. तिथवर जातो म्हणाला. ठकू म्हणाली, मार.

नको नको म्हणत त्याने गोफण उचलली आणि कमरेचा दुसरा गुंडा तिच्यात भरला. सारे बळ लावून त्याने गुंडा सोडला, तो पायथ्याच्या उंबरात जाऊन पडला आणि झाडातली पाखरे उडाली. इतक्या लांब कुणाचाच गुंडा कधी गेला नव्हता. एरवी गावाने जल्लोष केला असता. त्या दिवशी सारे ठकूकडे बघत होते.

“आता माझी फेक बघा,” ठकू म्हणाली.

तिने डोंगराकडे तोंड केले आणि गण पुन्हा पहिल्यापासून धरला. ढोलकी नाही, तुणतुणे नाही, नुसता गळा. आवाज गावावरून गेला, शेतांवरून गेला, उंबर ओलांडून डोंगर चढला. पार वरच्या धारेवर एक धनगर मेंढरे चारत होता. त्याने डोक्याचे तांबडे मुंडासे सोडले आणि दोन्ही हातांनी हलवले. गण संपेपर्यंत तो हलवत होता. पुढे गावाने त्या धनगराचा पुष्कळ शोध घेतला, पण तो कुणाच्या वाड्याचा ते कुणालाच सांगता आले नाही. तो कोण होता हे वामनकाका सांगत नाहीत. ते फक्त गाभाऱ्याकडे बघून हात जोडतात.

मग जे झाले त्याचा उंबरसोंडला अजून अभिमान आहे. कुणी हुकूम दिला नव्हता. एक म्हातारा उठला, त्याने धोतराच्या कनवटीतून दोन गुंडे काढून ठकूच्या पुढ्यात ठेवले. त्याच्यामागे दुसरा उठला. कोंडाजीला शब्द दिलेल्या एकूण एक गड्याच्या अंगावर गुंडे निघाले, पाटलाच्या फेट्यातूनसुद्धा निघाला. केरबाने तोंडात बोट घातले. त्या ढिगावर चढून ठकूने हजेरी पूर्ण केली आणि पालखी उठली. तोच ढीग पुढे बांधून काढला, तो हा ओटा.

कोंडाजी मात्र आपल्या गुलालाला जागला. गोफण त्याने देवळाच्या तुळईला टांगली आणि त्या दिवसापासून गावची विहीर त्याला वर्ज्य झाली. शिवेपलीकडच्या ओढ्यावरून तो घागर भरून आणी. उन्हाळ्यात ओढा आटला तेव्हा वाळूत झरे खोदून त्याने तहान भागवली, पण शेजाऱ्याने दिलेला तांब्या परत केला. शेतात तो नुसत्या तोंडाने पाखरे हाकू लागला. आधी लोक हसले. मग त्याचा हाकारा ऐकून इतरांनीही गोफणी ठेवून दिल्या.

पुढचा चैत्र आला. ठकू येईल असे कुणाला वाटत नव्हते, पण ती आली. केरबा हिवाळ्यात वारला होता. फड आता तीच चालवत होती. ती ओट्यावर चढली आणि तिने समोर पाहिले. लोकांनी आपण होऊन दोन्ही हात वर केले होते. तिने गण धरला. पण पाठीशी केरबा नव्हता. त्याची जागा रिकामी बघून तिचा आवाज पहिल्या वर्षासारखाच अडकला. तेव्हा सर्वांच्या मागून, तळवे वर धरलेल्या कोंडाजीने हाक दिली.

“फेक, ठकूबाई, फेक!”

एक हातही हलला नाही. ठकूचा आवाज सुटला, तो म्हणे धारेपलीकडच्या गावात ऐकू गेला. हजेरी संपल्यावर तिने गावच्या विहिरीचे पाणी स्वतः शेंदले, तांब्या कोंडाजीच्या पुढे धरला, आणि त्याने तो सर्वांदेखत उभ्या उभ्या रिकामा केला.

आजही उंबरसोंडच्या हजेरीत कुणी फूलसुद्धा फेकत नाही. ज्याला गाणे आवडते तो ओट्यापाशी चालत येतो आणि जे द्यायचे ते कलावंताच्या हातात देतो. आणि आजही एखाद्या नव्या पोरीचा आवाज भीतीने अडकला, की मोकळे हात उंच धरून सारे गाव एका सुरात तिला सांगते, “फेक!”