राणी इंदुलेखेचे आसन

एका राज्यात वज्रसेन राजा राज्य करीत होता. कालकंटक मांत्रिकाने डोंगराच्या गुहेत पुरलेले शापित धन त्याने उकरून काढले. रत्नाला हात लागताच राजा पाषाण झाला. जो जो त्याला सोडवायला गेला, त्याची नजर रत्नांवर खिळली आणि तोही पाषाण झाला. दरबार ओस पडला.

मग राणी इंदुलेखा स्वतः निघाली. गुहेच्या तोंडाशी एक धनेश पक्षी बसला होता. तो मनुष्यवाणीने बोलला, "महाराणी, इथे तलवार चालत नाही. आत आसन मांडून ध्यान करा. ज्याचे मन हावरे नाही, त्याच्यापुढे शाप टिकत नाही."

राणीने आसन मांडले. डोळे मिटताच तुरुंगाचे गज दिसले. पुन्हा मिटले, पुन्हा गज. ती उठून बाहेर आली.

"कोणाचे गज आहेत ते?" पक्ष्याने विचारले.

राणी म्हणाली, "खजिनदार भद्रकाचे. डोंगर खणू नका म्हणून तो महाराजांना आडवा आला. त्याच्यावर द्रोहाचा आळ आला आणि मी भर दरबारात खोटी साक्ष दिली."

"पायात काटा ठेवून आसन जमत नाही. आधी तो काढा."

राणी नगरात परतली. चव्हाट्यावर उभी राहून तिने आपले खोटे कबूल केले. लोक नाही नाही ते बोलले, तिने ऐकून घेतले. भद्रकाच्या बेड्या तिने स्वहस्ते काढल्या.

भद्रक म्हणाला, "महाराणी, क्षमा मागू नका. आज ती माझ्यापाशी नाही."

"नसू दे. तुम्ही मोकळे आहात."

ती पुन्हा गुहेत बसली. आता गज दिसेनात, पण कालकंटकाने माया मांडली. वादळ सुटले, नाग मांडीवर चढले, मृत आईची हाक आली.

"श्वासापाशी राहा," पक्षी म्हणाला. "मन पळेल. रागावू नका, परत आणा."

मन अवखळ वासरासारखे पळाले. राणीने परत आणले. पुन्हा पळाले, पुन्हा आणले. होता होता ते थांबले. नाग उतरून गेले. वादळ वाहत राहिले, राणी बसून राहिली.

"साधले," तिला वाटले.

"बगळाही डोहात स्थिरच उभा असतो," पक्षी म्हणाला. "त्याचे ध्यान माशावर असते. आता डोळे उघडा आणि नीट पाहा."

समोर राजा जिवंत उभा होता. "इंदुलेखे, हात दे."

राणीचे काळीज उसळले. हात उचलला गेला. पण स्थिर झालेल्या मनाला दिसले, की ओढ उठली, वाढली आणि ओसरू लागली. समोरचे रूपही क्षणोक्षणी बुडबुड्यासारखे फुटत होते, पुन्हा बनत होते. रत्नांचेही तेच.

"यात धरून ठेवावे असे काही नाही," राणी म्हणाली. डोळे भरून आले, ते तिने वाहू दिले. हात मात्र गुडघ्यावर परत ठेवला.

तत्क्षणी मायेचा राजा विरला. रत्ने गारांसारखी वितळून गेली. कालकंटकाचा मंत्र जिभेवरच आटला आणि तो मुकाट डोंगर उतरून गेला. पाषाणांना श्वास फुटला.

खरा राजा भानावर आला. "रत्ने कुठे आहेत?"

"वितळली, महाराज."

राजा रिकाम्या गुहेकडे बराच वेळ पाहत राहिला. मग खाली मान घालून राणीच्या मागे चालू लागला.

दरबार पुन्हा भरला, राज्याची घडी बसली. राणी मात्र रोज पहाटे आसन मांडी. मन पळे, ती परत आणी. शाप सुटला होता, मनाचे पळणे सुटले नव्हते.