तापोबाचे दोन दोर

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हा डोंगर आजच्यापेक्षा वीतभर उंच होते आणि माणसं वीतभर बुटकी. अशाच एका उंच डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एक मध काढणारा राहायचा. त्याच्या आईनं त्याचं नाव मोठ्या हौसेनं ठेवलं होतं, पण ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. सगळा गाव त्याला तापोबा म्हणायचा.

का, ते वेगळं सांगायला नको. गावातला कोंबडा पहाटे आरवण्याआधी तापोबाच्या दाराकडे बघून घ्यायचा. दार बंद असेल तर घसा साफ केल्यासारखा हळूच आरवायचा आणि गप बसायचा. एकदा आमटीनं जीभ पोळली म्हणून तापोबा आमटीवर असा ओरडला, की ती बिचारी चुलीवरच गार झाली. खोटं वाटत असेल तर त्या गावात जाऊन विचारा, पातेलं अजून आहे.

गावाला तर दुसरी करमणूक नव्हती. दुपारी कुणाला करमेनासं झालं, की तो उठायचा आणि तापोबाच्या अंगणावरून जाता जाता म्हणायचा, "काय तापोबा, यंदा मधात पाणी जरा जास्तच दिसतंय!"

झालं! तापोबा अंगणात उभा राहून दिवस मावळेपर्यंत ओरडायचा आणि गाव पारावर बसून दिवस मावळेपर्यंत हसायचा. मग सगळे घरी जाऊन पोटभर जेवायचे. घास जायचा नाही तो एकट्या तापोबाला.

त्याचं काम मात्र येरागबाळ्याचं नव्हतं. गावामागे एक सरळसोट कडा होता. कड्याच्या पोटात, जिथे घारसुद्धा बसायला कचरते, तिथे आग्या मोहोळ लटकलेलं असायचं. कमरेला दोर बांधून, हातात धुमसती पेंढी घेऊन तिथपर्यंत उतरायचं. वर दोर धरायचा तो मात्र बायकोच्या भावानंच, दुसऱ्या कुणी नाही. ही तिथली जुनी रीत. शेजारी असेल तर जुनं भांडण काढेल, सख्खा भाऊ असेल तर त्याला ऐन वेळी वाटणी आठवेल. पण बहिणीचं कुंकू हातात असताना दोर सोडायला कुठला भाऊ धजेल?

आणि खाली एकच नियम. श्वास सावकाश, हात सावकाश. रागावलेल्या माणसाचा गरम श्वास आग्या माशीला चार हातांवरून कळतो, आणि ती काही विचारपूस करत बसत नाही.

इतकी वर्षं तापोबाचं निभावलं, कारण दोर थोरला मेहुणा धरायचा. तो इतका अबोल, की तापोबाच्या लग्नात त्याला कुणीतरी "जेवलात का?" म्हणून विचारलं होतं, त्याचं उत्तर अजून यायचं होतं. पण यंदा थोरल्याचे गुडघे धरले आणि त्यानं धाकट्याला पाठवलं. धाकटा तिशीचा, दोन लेकरांचा बाप, दंडात बैल अडवायची ताकद. फक्त त्याची जीभ दंडापेक्षा मजबूत होती.

सकाळी आल्या आल्या त्यानं सात भाकऱ्या संपवल्या आणि म्हणाला, "ताई, आठवी नको चुलीवर टाकूस. दाजींच्या नाकाच्या शेंड्यावर ठेव, लवकर भाजेल!"

तापोबानं हातातला तांब्या असा फेकला, की तो अंगण ओलांडून गोठ्यात गेला आणि म्हशीनं उठून त्याला जागा करून दिली.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "आज दोर त्याच्या हातात आहे. जरा सबुरीनं घ्या."

"दोर त्याच्या हातात असेल! माझं डोकं माझ्या ताब्यात आहे!"

"असं?" बायको म्हणाली. "कधीपासून?"

तापोबा आणखीच रागावला आणि घागर उचलून कड्याकडे निघाला.

धाकटा मेहुणा दोर धरणार, ही बातमी गावभर झाली होती. एरवी कड्यावर चिटपाखरू नसायचं. त्या दिवशी सगळा गाव माथ्यावर जाऊन बसला. काहींनी तर फुटाणेही आणले होते.

खुणा ठरल्या. दोराला एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे ओढ. मेहुण्यानं दोराचा एक वेढा झाडाच्या बुंध्याला दिला आणि तापोबा खाली निघाला. पाठीला घागर, हातात पेंढी. ही घागर काठोकाठ भरली नाही, की तो घरी येऊन घागरीवरसुद्धा खेकसायचा.

मोहोळ यंदा दाराच्या फळीएवढं होतं. त्यावर माश्यांचा काळसर थर, शांत निजलेला. तापोबानं एक हिसका दिला आणि थांबला.

तेवढ्यात वरून आवाज आला, "दाजी! एवढं वजन तुमचं आहे, की तुमच्या रागाचं?"

वर हशा पिकला. तापोबाची मान तापली, श्वास फुरफुरला. आणि त्याच्या डोळ्यांसमोर माश्यांच्या थरावरून एक लाट सरसरत गेली. ती विरते न विरते, तोच वर मेहुणा गावाला गोष्ट सांगू लागला. "लग्नात शेला आखूड मिळाला म्हणून आमचे दाजी रुसले आणि गव्हाणीत जाऊन निजले. सकाळी बैलानं त्यांचा फेटा निम्मा खाल्ला होता!"

पुन्हा हशा. तापोबानं उलट ओरडायला छाती भरून श्वास घेतला, आणि पुन्हा लाट आली. या वेळी मोठी. चार-दोन माश्या उठून त्याच्या मिशीपर्यंत येऊन गेल्या.

तापोबाचा श्वास अर्ध्यावरच थांबला. त्याला पहिल्यांदाच काहीतरी दिसलं. मेहुणा वर बोलतोय, पण माश्या मेहुण्याचं काहीच ऐकत नव्हत्या. त्या फक्त तापोबाचा श्वास ऐकत होत्या.

त्यानं श्वास हळू, अगदी हळू सोडला. लाट निवली.

"आणि तो फेटा आमच्या वडिलांचा होता बरं का!" वरून आलं. तापोबानं फक्त कान दिला. शब्द आले, कड्यावर आपटले, दरीत जाऊन दोनदा घुमले आणि संपले. त्याला कुठेच लागले नाहीत. आजवर तोच हात पुढे करकरून ते झेलत आला होता.

आणि नेमकं तेव्हाच घात झाला. स्वतःच्याच गोष्टीवर हसता हसता मेहुण्याची पकड सैल झाली. दोर सरसर सुटला. तापोबा चार हात खाली आला, गरकन फिरला आणि त्याचा खांदा थेट मोहोळावर आदळला. पेंढी हातातून सुटून दरीत गेली.

सगळं मोहोळ उठलं. माश्या त्याच्या तोंडावर, पापण्यांवर, कानात, मानेवर बसल्या. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, या माणसाला आत्ताच्या आत्ता काळी दाढी फुटली. आता शिवी द्यायला कारण होतं, अगदी खरं कारण. शिवी जिभेवर तयारही होती. पण तोंड उघडलं असतं, तर आत आधी माश्या गेल्या असत्या.

तापोबा लटकत राहिला. त्यानं मनातल्या मनात हिशेब मांडला. दोर माझ्या हातात नाही. माश्या माझ्या हातात नाहीत. खाली दरी आहे, तीही माझी नाही. माझा उरला एवढासा श्वास. मग तोच सांभाळू.

एक माशी नाकाला डसली. एक कानाला. एक ओठाला. तो हलला नाही. नाकातून धागा काढावा तसा श्वास आत, तसाच बाहेर. आणि लटकल्या लटकल्या त्याला वाटलं, कमरेचा दोर मेहुण्याच्या हातात देणं भागच होतं. पण दुसरा एक दोर मी सगळ्या गावाच्या हातात देऊन ठेवलाय. वाटेनं जाणाऱ्या कुणीही हिसका द्यावा आणि मी नाचावं. तो कुणी मागितला होता माझ्याकडे?

किती वेळ गेला कुणास ठाऊक. हळूहळू एकेक माशी उठली आणि मोहोळाकडे परत गेली. तापोबानं बेतानं सुरी काढली, निम्मं पोळं कापलं, निम्मं माश्यांना ठेवलं आणि तीन हिसके दिले.

तो माथ्यावर आला तेव्हा फुटाणे खाणारे हातातले फुटाणे धरूनच उभे होते. नाक वांग्याएवढं, ओठ केळ्याएवढा. आता हा काय करतो, म्हणून गावानं श्वास रोखला. त्याला वर ओढून मेहुणा झाडाशी बसला होता. सुटलेला दोर त्यानं परत पकडला होता खरा, पण दोन्ही तळव्यांची सालटं निघाली होती.

"दाजी, मारा मला," तो रडत म्हणाला. "ताईला काय तोंड दाखवलं असतं मी!"

तापोबा त्याच्यासमोर बसला. एक लांब श्वास घेतला, सोडला.

"हात पुढे कर."

मेहुण्यानं डोळे मिटून हात पुढे केले. तापोबानं घागरीत बोटं बुडवली आणि ताजा मध त्या सोललेल्या तळव्यांना लावला. "भरून येईल आठ दिवसांत. तेव्हा परत ये. दोर तूच धरायचा."

"मी?"

"सुटलेला दोर असा धरणारा दुसरा कुठून आणू? फक्त आता आ कर."

मेहुण्यानं आ केला. तापोबानं पोळ्याचा एक भलामोठा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. "पुढच्या वेळी मी वर येईपर्यंत असा तुकडा चघळत बसायचा. गिळायचा नाही."

गाव हसला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तापोबाही त्यांच्याबरोबर हसला. सुजलेल्या ओठांनी जेवढं येईल तेवढं.

घरी बायकोनं घागरीत डोकावून पाहिलं. "निम्मीच?"

"पुरे की," तापोबा म्हणाला आणि दोन भाकऱ्या जेवून पडला.

दुसऱ्या दिवशी एकजण सवयीनं अंगणावरून म्हणाला, "काय तापोबा, मधात पाणी?" तापोबानं श्वास घेतला, सोडला आणि म्हणाला, "असेल. चाखून बघतोस का?" तो माणूस बराच वेळ उभा राहिला, मग कंटाळून घरी गेला. चार दिवसांत सगळ्या गावाची करमणूक बुडाली. आणि कोंबडा? तो हल्ली मोकळ्या गळ्यानं आरवतो, तापोबाच्या कौलावर बसून.

तात्पर्य: कड्यावरून उतरायचं, तर कमरेचा दोर दुसऱ्याच्या हातात द्यावाच लागतो. मनाचा दोर मात्र कुणी मागितला, तरी देऊ नये.