सुजलेल्या डोळ्यांची कासवं

एका शहरात एक छत्रीवाली राहायची. म्हणजे छत्र्या दुरुस्त करायची ती. मोडलेली काडी, फाटलेलं कापड, अडकलेला खटका, काहीही घेऊन जा, संध्याकाळपर्यंत छत्री अशी उघडणार, फट्कन! आणि मनाने इतकी मऊ, की खुर्चीखाली मुंग्यांची रांग दिसली तर ती जाईपर्यंत खुर्ची सरकवायची नाही. आता तुम्ही म्हणाल, अशा बाईच्या हातून काय वाईट होणार? झालं ना. तेच तर सांगायचंय.

तिच्या रोजच्या रस्त्यावर एक प्राण्यांचं दुकान होतं. बाहेर पोपट, आत ससे, मांजराची पिल्लं, आणि गोंगाट तर विचारूच नका! पोपटाला भूक लागली की तो अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायचा, मग दुकानदार पेरू घेऊन धावायचा. पण सगळ्यात खाली, एका काचेच्या पेटीत, एक कासव होतं. त्याला भूक लागली तर? काही नाही. कासव कुठे ओरडतं? ते नुसतं बसून राहतं.

एक दिवस छत्रीवाली सहज वाकली आणि दचकलीच. कासवाचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. नाकाशी फेसाचा बुडबुडा. तोंड उघडं टाकून कसाबसा श्वास घेत होतं बिचारं. खाली ओला भुसा, आणि कडेला काकडीची एक वाळलेली चकती.

"काका, अहो, याचे डोळे बघा!"

"झोपलंय ते," दुकानदार म्हणाला.

"कधीपासून?"

"अगं ताई, कासव आहे. त्याला उठून कुठली कचेरी गाठायचीय?"

आता या शहरात एक चांगली सोय होती. कुणी जनावराचे हाल करताना दिसलं, की कोतवालाला सांगायचं. कोतवाल जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन यायचा आणि दुकानातला पिंजरा न् पिंजरा तपासायचा. अटी दोनच. ज्याने डोळ्यांनी बघितलं त्यानेच सांगायचं, आणि ज्याची तक्रार त्याच्या तोंडावर सांगायचं. पाठीमागे कुजबुज चालायची नाही.

छत्रीवाली कोतवालीच्या दिशेने निघालीसुद्धा होती. पण चार पावलांवर थांबली. "रोज तोंड दिसतं आमचं एकमेकांना. त्यांच्या बायकोची छत्री माझ्याकडे दुरुस्तीला पडलीय. कशाला वाईटपणा घ्या?"

मग ती वळली आणि सरळ ते कासवच विकत घेऊन आली. झालं! भांडण नाही, तंटा नाही, आणि जीवही वाचला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं सगळं केलं हं तिने. सकाळचं कोवळं ऊन, उथळ परातीत कोमट पाणी, जास्वंदीची पानं, ओल्या कापसाने डोळे पुसणं. नवव्या दिवशी कासवाने एक डोळा उघडला आणि तिच्याकडे असं काही बघितलं, की ती रडलीच!

त्या शहरातली अजून एक गंमत म्हणजे, कुणी प्राण्याचा जीव वाचवला की शेजारी त्याच्या दारासमोर त्या प्राण्याची रांगोळी काढायचे. छत्रीवालीच्या दारात हे एवढं मोठं कासव उमटलं, हिरवंगार! लोक वाट वाकडी करून बघायला यायचे. तिला किती भारी वाटलं असेल!

पुढच्या आठवड्यात ती दुकानावरून जाते तर काय, त्याच पेटीत दुसरं कासव. तसेच सुजलेले डोळे. तिने तेही आणलं.

"पुन्हा त्याच दुकानातलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो ना."

"मग कोतवालाला सांग. मी दुकानात बघितलेलं नाही, बाळा. तू बघितलंयस."

"सांगते ना. या आठवड्यात नक्की." आणि मग हळूच, "पण वाचतायत ना ती?"

तो आठवडा गेला. पुढचाही गेला. तिचं बघून शेजारणीने त्याच दुकानातून एक आजारी कासव आणलं. मग समोरच्या शिंप्याने. मग कोपऱ्यावरच्या आजोबांनी. दारोदारी कासवांच्या रांगोळ्या! सगळं शहर कसं दयाळू झालं, असं ज्याला त्याला वाटायला लागलं. कोतवालीत मात्र कुणीच गेलं नाही.

थंडी संपत आली होती. छत्रीवाली एका सकाळी दुकानात शिरली आणि दारातच थबकली. आता एक पेटी नव्हती, भिंतभर पेट्या होत्या. आणि दुकानदार एक कासव उचलून नेत होता. मस्त धडधाकट कासव, मान लांब काढलेली, चारही पाय हवेत मारत होतं. खिडकीतल्या उन्हातून काढून त्याने ते जिन्याखालच्या ओल्या, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं.

"काका, हे तर ठणठणीत आहे. उन्हातून का काढलंत?"

"ये ये, बस. चहा घे," तो अगदी प्रेमाने म्हणाला. "आता तुझ्यापासून काय लपवायचं? ठणठणीत कासव इथे वर्षभर पडून राहायचं, कुणी ढुंकून बघायचं नाही. डोळे सुजले, की दोन दिवसांत घर मिळतं! म्हणून मी हल्ली पाला घालतच नाही, ऊनही दाखवत नाही, म्हणजे डोळे लवकर सुजतात. खरं सांगू? हा धंदा मला तूच शिकवलास, ताई."

चहा तसाच राहिला. छत्रीवाली पळत कोतवालीत गेली. कोतवाल आला, डॉक्टरीणबाई आल्या, आणि सगळ्यांसमोर, दुकानदाराच्या डोळ्यांत बघून तिने सांगितलं. किती वेळ लागला? पाण्याचा एक पेला प्यायला लागतो तेवढा. दुकानदार ओरडला नाही, अंगावर धावला नाही. फक्त मान खाली घालून उभा राहिला. ज्याला ती इतके महिने घाबरली होती, ते एवढंसंच होतं.

"पहिलं आजारी कासव कधी बघितलंस?" कोतवालाने लिहिता लिहिता विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यात."

कोतवालाची लेखणी क्षणभर थांबली. मग त्याने तेही लिहून घेतलं.

दुकानाला त्याच दिवशी कुलूप लागलं. पोपट, ससे, पिल्लं, सगळ्यांची नीट सोय झाली. पेट्यांमधून बावीस कासवं निघाली. त्यातली सात जगली.

त्या बावीसमधलं सगळ्यात लहान कासव छत्रीवाली मांडीवर घेऊन उन्हात बसली होती. तोंडाशी जास्वंदीचं कोवळं पान धरलं होतं. सकाळपासून धरलं होतं. कासव पान खात नव्हतं, डोळा उघडत नव्हतं, पाठीवरचं कवच बोटाने दाबलं तर दबत होतं.

रस्त्यावरून जाणारी एक बाई थांबली. "अगं बाई, किती गं चांगली तू! कसं होतं गं तुला एवढं?"

"तसं नका ना म्हणू," छत्रीवाली म्हणाली. "पाया पडते, तसं नका म्हणू."

ऊन सरकलं, तशी तीही कासवाला घेऊन सरकली. दुपारपर्यंत सरकत राहिली. मग डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी वाकून बघितलं आणि तिच्या हातातलं पान हळूच काढून घेतलं.

तात्पर्य एवढंच: एका जिवाला उचलून घरी आणलं की आपलं मन हलकं होतं, पण जो हाल करतो तो तिथेच असतो. त्याला थांबवणारी अवघड गोष्ट पहिल्याच दिवशी बोला; ती उशिरा बोललात, तर तोवरचे जीव परत येत नाहीत.