केसभर मोठी नळी

"ठसा का मारत नाही, उस्ताद? काम पसंत नाही का?" तुळाजीने विचारलं.

दिलावर उस्तादांनी रायफल मांडीवर आडवी घेतली होती. त्यांनी चापाखालची दांडी पुढे ढकलली, मागे ओढली. कुठे कचकच नाही, कुठे अडखळ नाही.

"पसंत आहे," ते म्हणाले.

"मग?"

"बघतोय... बघू दे की जरा."

घाटमाथ्यावरच्या त्या लहानशा संस्थानात बंदुका घडवणारं आणि दुरुस्त करणारं हे एकच दुकान. तिथली रीत अशी होती. शागीर्दाने पहिलं हत्यार एकट्याच्या हाताने पुरं केलं, की उस्ताद त्याच्या नावाचा पोलादी ठसा त्या हत्याराच्या नळीवर मारायचे. त्या एका घावाने शागीर्द कारागीर व्हायचा. लोक मग त्याचं नाव घेऊन हत्यार मागायला यायचे.

शागीर्द दोन. तुळाजी लोहार आणि गोपाळ जिनगर. तुळाजी आधीचा. पण संस्थानाने त्याला विलायतेतल्या एका कारखान्यात शिकायला धाडलं, आणि तो परत आला तेव्हा गोपाळचा ठसा पडून गेला होता. गोपाळने जुन्या एकनळी बंदुकीची दणकट रायफल केली होती. भातखाचरं तुडवणारा, माणसांवर धावून जाणारा एक पिसाळलेला गवा तिच्या एका गोळीत आडवा झाला होता. गावातली पोरं काठ्या खांद्याला लावून ओरडायची, "गोपाळची रायफल... ठो!"

तुळाजीला तो आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा कानात बसला होता.

त्याने उस्तादांकडून एक जुनी रायफल मागून घेतली. दांडी ओढली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत, अशा धाटणीची. हलकी, बारीक गोळीची, फार तर हरणा-डुकरासाठीची. तिची नळी काढून त्याने नवी, जाड नळी बसवली. मोठं काडतूस सुखाने ये-जा करावं म्हणून आतला एकेक भाग नव्याने घडवला. आता ती पूर्वीच्या निम्मीच काडतुसं घेत होती, पण एकेक काडतूस अंगठ्याएवढं होतं. सकाळी नदीकाठी चाचणी झाली. आधी ओंडक्याला बांधून, लांबून दोरीने चाप ओढून. मग खांद्याला लावून. सागाची जाड फळी दुभंगली. तुळाजीचा खांदा अजून ठणकत होता, आणि ते ठणकणं त्याला गोड लागत होतं.

"विलायतेत करतात असं काम?" उस्तादांनी विचारलं.

"फार थोडे. तिथला मुकादम मला म्हणायचा, तुमच्या मुलखात हात आहेत, डोकं नाही. तेव्हाच मी ठरवलं, उस्ताद. परत जायचं. आपल्या शेगडीवर, आपल्या ऐरणीवर त्यांच्या तोडीचं काम करून दाखवायचं. ही रायफल मी माझ्यासाठी केलेली नाही. या मुलखासाठी केली आहे."

"मुलखासाठी."

"हो."

उस्तादांनी नळीवरून बोट फिरवलं.

"गोपाळच्या रायफलीपेक्षा सरस झाली आहे."

तुळाजी पुढे सरकला.

"खरंच?"

"खरंच. हे काम गोपाळच्या हातून झालं नसतं. माझ्या हातून झालं असतं की नाही... सांगता येत नाही."

तुळाजीने दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्याला सांगितलंत?"

"कुणाला?"

"गोपाळला. हे आत्ता म्हणालात ते."

"त्याला काय सांगायचं? काल तू जेवायला गेलास तेव्हा येऊन बघून गेला तो."

"माझी रायफल? माझ्या माघारी?" तुळाजी अर्धवट उठला. "काय म्हणाला?"

"म्हणाला, असं काम या दुकानात आजवर झालं नाही."

"खोटं."

"मी खोटं बोलतोय?"

"तुम्ही नाही, उस्ताद. तो. मोठेपणा मिरवायला बोलला असेल. आतून जळला असेल."

"जळताना दिसला नाही बुवा. पेरू खात होता."

"पेरू!"

"अर्धा मला दिला. गोड होता."

तुळाजी दारापर्यंत गेला आणि परत आला. बाहेर ऊन तापलं होतं. रस्त्यावरून कुणीतरी हाक दिली, "काय तुळाजी, झाली का तुझी तोफ?" त्याने वळूनही पाहिलं नाही. तो पुन्हा उस्तादांसमोर बसला.

"ठसा मारा, उस्ताद. नाहीतर जन्मभर मी या गावात 'तो दुसरा' म्हणूनच राहीन."

"मारतो की. कशासाठी केलीस ही, ते सांग."

"गव्यासाठी."

"गवा मेला."

"दुसरा येईल."

"आणि नाही आला तर?"

तुळाजीने दुखरा खांदा चोळला.

"तर ही कुणावर रोखायची, तुळाजी?"

तुळाजी ऐरणीकडे बघत राहिला.

"बरं, ते राहू दे," उस्ताद म्हणाले. "नळीचं भोक किती मोठं ठेवायचं, ते कसं ठरवलंस?"

"हिशेब करून."

"कसला हिशेब?"

"गोळीचं वजन... दारूचा जोर..."

 उस्ताद नुसते बघत राहिले. तुळाजीने कपाळावरचा घाम पुसला.

"गोपाळ बहिणीच्या लग्नाला गेला होता," तो अखेर म्हणाला. "तेव्हा त्याच्या रायफलीची नळी मोजली."

"आणि?"

"तिच्याहून केसभर मोठी केली."

"केसभरच का? जोर हवा होता, तर आणखी मोठी करायचीस."

"मोठी म्हणायला केसभर पुरतं, उस्ताद."

उस्तादांनी मान डोलावली. फळीवरच्या डबीतून एक नुसती शिशाची गोळी काढली. गोपाळच्या रायफलीची. मग दांडी पुढे ढकलून रायफल उघडी केली, आत काडतूस नाही हे बोट घालून पाहिलं, दांडी मागे ओढून ती मिटली, आणि रायफल उभी धरून ती गोळी नळीच्या तोंडात सोडली.

गोळी आतल्या आत खुळखुळत खाली गेली. उस्तादांनी रायफल उलटी केली. गोळी त्यांच्या तळहातावर पडली.

"बघितलंत?" तुळाजीचे डोळे चमकले. "त्याची गोळी माझ्या नळीला पुरतसुद्धा नाही."

"बघितलं," उस्ताद म्हणाले. "आत सगळीकडे तीच वाजते आहे."

तुळाजीचा चेहरा उतरला. शेगडीत निखारे तडकत होते.

"चुकलं असेल माझं," तो हळू म्हणाला. "पण काम तर माझंच आहे ना, उस्ताद? माझ्या हातांचं?"

"तुझ्याच हातांचं आहे."

उस्तादांनी गुडघ्यावर हात टेकला, उठले आणि कोनाड्यातली लाकडी पेटी घेऊन आले. पेटीत दोन ठसे होते. एकाची धार वापराने बोथटली होती. दुसरा कोरा करकरीत, लखलखता. त्यावर उलट्या अक्षरांत तुळाजीचं नाव होतं.

तुळाजीने तो ओळखला. 

"घडवलात? कधी?"

"तू बोटीत होतास तेव्हा. म्हटलं, पोरगं परत येईल. आल्यावर वाट बघायला लागू नये."

तुळाजीने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. उस्तादांनी नळी ऐरणीवर टेकवली, हातोडी घेतली. दुसरा हात नव्या ठशाकडे गेला. बोटं त्याला लागली.

तेवढ्यात तुळाजीने डोळे पुसून विचारलं,

"उस्ताद... हा गोपाळच्या ठशाच्या आधी घडवलात, की नंतर?"

उस्तादांचा हात थांबला.

मग तो हात सरकला. शेजारचा जुना ठसा त्यांनी उचलला, नळीवर धरला.

"उस्ताद! तो गोपाळचा..."

घाव बसला. एकच.

"माझी रायफल आहे ती!" तुळाजी किंचाळला. "उस्ताद, ती माझी आहे..."

उस्तादांनी नळीवरची धूळ फुंकरीने उडवली. जुना ठसा पेटीत नव्याच्या शेजारी ठेवला. पेटीचं झाकण त्यांनी लावलं नाही. रायफल दोन्ही हातांनी उचलून त्यांनी तुळाजीच्या हातात दिली.

"जा. गोपाळला नेऊन दे. म्हणावं, तुझी दुसरी रायफल तयार झाली."