मांडवाची जागा

अरबी समुद्रातलं वादळ पडद्यावर बघता बघता फुगत चाललं होतं, आणि गार्गी पागधरे त्याच्या वाटेवर नजर ठेवून होती. हवामानाचे अंदाज बघून जहाजांचे मार्ग आखायचे, हे तिचं काम. ओमानमधल्या सलाला बंदरातून मुंबईकडे निघालेलं कंपनीचं जहाज सरळ आलं, तर थेट वादळाच्या तोंडात शिरणार होतं. जहाजावरून कप्तान सारखा विचारत होता, "मॅडम, हवेचा दाब उतरतोय. वळू का दक्षिणेला?"

तिच्या टेबलाशी उभे असलेले मालक, रावसाहेब खानविलकर, गुरगुरले, "वळसा घालून एवढा उशीर? असल्या अंदाजांवर माझा विश्वास नाही. जहाज सरळ आणा, नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

गार्गीनं फोन उचलला, पण लावला मांडववाल्याला. मालकांच्या मुलीचं लग्न परवा अलिबागला होतं, आणि याच वादळाच्या धास्तीनं त्यांनी कालच किनाऱ्यावरचा मांडव हॉलमध्ये हलवला होता.

"गुरवभाऊ, मांडव पुन्हा किनाऱ्यावरच घाला. साहेबांचा अंदाजांवर विश्वास नाही."

"अहो, वेड लागलंय का?" मालक ओरडले. "वादळ येतंय! माणसं उडून पडतील!"

"मांडवातली माणसं वाळूवर तरी पडतील, साहेब," ती कशीबशी म्हणाली. "जहाजावरची कुठे पडतील?"

मालकांनी पडद्यावरच्या वादळाकडे पाहिलं. फोनवर गुरव विचारत होता, "मग काय ठरलं?"

"मांडव हॉलमध्येच," मालक पुटपुटले. "आणि जहाज दक्षिणेला."