खांदेशिळा

त्या पठारावर दात आणि नखं अनेकांना होती. पण शिक्षा म्हणून जीव घ्यायचा अधिकार एकट्या शिळेला होता.

ती एका खोल खड्ड्याच्या काठावर उभी असे. आरोपीला खड्ड्यात उतरवत आणि पंच मागून खांदा लावून ती त्याच्यावर लोटत. पूर्वजांनी ती मुद्दाम इतकी जड निवडली होती, की एका पंचाने जरी अंग चोरलं तरी ती हलत नसे. ज्याच्या घरचं कुणी गेलं, त्यालाही पंचांत उभं राहावं लागे.

नीलगायीचं पाडस ओढ्याकाठी मेलेलं सापडलं. जवळ तरस उभा होता. त्याला खड्ड्यात उतरवलं. अस्वल, गवा, सांबर आणि रानडुक्कर यांनी खांदे लावले. नीलगाय पुढे आली नाही.

"बाई, पाडस तुझं गेलं, आणि खांदे आम्ही सोलून घ्यायचे?" रानडुक्कर म्हणालं.

"मी पोचले तेव्हा पाडस गार पडलं होतं. याच्या तोंडाला रक्त नव्हतं."

"पुसलं असेल. थोबाड बघ की त्याचं!"

"थोबाड तर तुझंही रोज बघते. मला माझ्या पाडसाचा मारेकरी हवाय. कुणीही चालणार नाही."

पंचांनी तिला समजावलं, मग खिजवलं, मग पाणवठा बंद केला. ती खड्ड्याच्या काठाशी बसून राहिली. खांदा दिला नाही.

शेवटी रानडुकराला युक्ती सुचली. शिळेखालची, खड्ड्याकडची माती उकरली की चार खांदे पुरतील. त्याने सुळ्यांनी मोठी पोकळी केली आणि अंग झटकलं. "आता एकावाचून अडायचं नाही."

"पुढे दोघंही पुरतील," अस्वल म्हणालं.

थकलेले पंच पाण्यावर गेले. रानडुकराचं पिल्लू सवयीने शिळेला पाठ घासायला आलं. शिळा कलली. काठ ढासळला आणि पिल्लू घरंगळत तरसाच्या पायांशी पडलं.

त्याची किंकाळी ऐकून रानडुक्कर धावत आलं, तोवर नीलगाय त्या पोकळीत उतरली होती. खड्ड्याकडे पाठ, शिळेला खांदा. मागचे खूर मातीत घसरत होते. रानडुक्कर तिच्या शेजारी उतरलं. शिळा सरकतच राहिली. गवा आला, अस्वल आलं, तरीही सरकत राहिली.

सांबराचा खांदा लागला, तेव्हा थांबली.