फांदीवरचा वेळ

माणसाला घड्याळ ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एका रानात कायदा होता, की कुणाकडूनही दिवसाला तीन प्रहरांहून जास्त काम घेऊ नये.

तिथला एक कोल्हा पारव्यांकरवी घरोघरी दाणे नि फळं पोचवायचा. निळी नावाची पारवी पहाटेपासून त्याच्या वडाच्या फांदीवर बसे. त्याची शीळ आली की उडायचं, पोचवून पुन्हा फांदीवर यायचं. एका संध्याकाळी अशीच वाट पाहताना तिला ग्लानी आली. ती खाली पडली आणि तिचा पंख मोडला.

पंख बरा होईपर्यंत कोल्ह्यानं दाणापाणी द्यावं, म्हणून ती न्यायाधीश हत्तीकडे गेली. बाकीचे पारवेही साक्षीला आले.

"महाराज, पहाटेपासून राबत होते मी," निळी म्हणाली.

"उडाली ती दोनच प्रहर," कोल्हा नम्रपणे म्हणाला. "फांदीवर बसली ती स्वतःच्या मर्जीनं. मी थोडंच बांधून ठेवलं होतं?"

हत्तीनं विचारलं, "फांदी सोडून जाता येत होतं ना गं?"

"येत होतं. पण गेलं की चार दिवस शीळच येत नाही, महाराज."

"म्हणजे बांधलेलं नव्हतं." हत्तीनं मान खाली घातली. "वाट पाहणं हे काम आहे, असं कायद्यात लिहिलेलं नाही, पोरी. पडलीस तेव्हा तू कामावर नव्हतीस."

निळीनं साक्षीदारांकडे पाहिलं. एक म्हातारा पारवा बोलायला पुढे सरकला, तेवढ्यात कोल्ह्यानं शीळ घातली. पारवे क्षणभर चुळबुळले आणि मग सगळेच उडाले, म्हाताराही.

सवयीनं निळीनंही पंख उचलले. एकच उचलला गेला.